फिश टँकचा आकार बदलला की हिशेबही बदलतो

घरात शोभेचे मासे ठेवण्याचा शौक आता लहान गावांतही दिसतो. साध्या चौकोनी टाकीऐवजी गिऱ्हाईक षटकोनी, कोपऱ्यात बसणारी त्रिकोणी किंवा खांबासारखी उंच टाकी मागते. काचकाम, सुतारकाम व वेल्डिंग करणाऱ्या आपल्या बांधवांसाठी हे चांगले काम आहे. मात्र भाव केवळ काचेच्या चौरस फुटावर सांगितला, तर मेहनत अंगावर येते.

एक उदाहरण घेऊ. ९० सें.मी. लांब, ३० रुंद व ४५ उंच अशा टाकीत काठोकाठ सुमारे १२१ लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन १२१ किलो. आता हेच माप उभे करा. उंची ९० सें.मी. झाली. पाणी तेवढेच, समोरची काचही त्याच मापाची. पण त्या काचेवरचा रेटा सुमारे ९१ किलोंवरून १८२ किलोंवर जातो. कारण पाण्याचा दाब पाणी किती आहे यावर नव्हे, तर त्याच्या उंचीवर ठरतो. म्हणून आडव्या टाकीची काच उभ्या टाकीला चालेल असे धरू नये. काचेची जाडी आधी उंची पाहून व मग लांबी पाहून ठरवावी.

माशांचाही हिशेब आहे. पाण्यात हवा मिसळते ती वरच्या पृष्ठभागातून. आडव्या टाकीत तो २,७०० चौरस सें.मी. असतो, उभ्या टाकीत निम्मा, १,३५०. तेव्हा उंच टाकीत मासे कमी ठेवावेत व हवेचा पंप लावावा, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

षटकोनी टाकीला चारऐवजी सहा उभे सांधे येतात. त्यांचा कोन १२० अंशांचा असल्याने कडा तिरप्या घासाव्या लागतात. आयताकृती काचेतून षटकोनी तळ कापताना पाव भाग वाया जातो. ही मजुरी आणि कटाई भावात धरलीच पाहिजे. कोपऱ्याच्या टाकीसाठी आधी भिंतीला गुण्या लावून पाहावा. कापड थोडे कमीजास्त झाले तर शिवणीत सांभाळता येते, काचेत नाही.

गोल भांडे स्वस्त आणि देखणे, पण त्यात फिल्टरला जागा नसते. गळ्यापर्यंत भरले की पृष्ठभागही आक्रसतो. अर्धे भरले तरच तो सर्वांत मोठा राहतो. इटलीतील मोन्झा शहराने २००४ साली व रोमने २००५ साली अशा भांड्यांत मासे ठेवण्यावर बंदी घातली होती.

जोडणीसाठी टाकीचेच सिलिकॉन वापरावे. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असू शकते व त्याने मासे मरतात. सांधे पूर्ण सुकू द्यावेत. नंतर टाकी सपाट जागेवर भरून किमान एक दिवस ठेवावी, आणि मगच माल द्यावा.

मालातला ऐब लपवून विकू नये, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. उंच टाकी विकताना तिची अडचणही सांगा. एखादे गिऱ्हाईक कदाचित साधी टाकी घेईल. पण रात्री घरात पाणी पसरले नाही, मासे जगले, तर तेच गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन येईल. धंद्याची बरकत यातच आहे.