संगम विश्व केंद्र, पुणे

‘संगम’ हे पुणे येथील गर्ल गाईड चळवळीचे निवासी व प्रशिक्षण केंद्र आहे. या चळवळीच्या जागतिक संघटनेच्या पाच विश्व केंद्रांपैकी ते एक असून १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तत्पूर्वीची केंद्रे स्वित्झर्लंड (१९३२), लंडन (१९३९) व मेक्सिको (१९५७) येथे होती. संगममुळे आशिया खंडास पहिले विश्व केंद्र लाभले. येथे सामूहिक निवासाची सोय व पोहण्याचा तलाव आहे. निवास व कार्यक्रमांसाठी शुल्क आकारले जाते. सर्वांशी मैत्री आणि प्रत्येक गाईडशी भगिनीभाव हा गाईड नियमांपैकी एक होय. निरनिराळ्या देशांतील मुली येथे एकत्र राहत असल्याने हा नियम केवळ पाठांतरापुरता न राहता प्रत्यक्ष आचरणात येतो.