युद्धकाळांतील लोकमताचा अजमास आणि राघोबादादांचें पुनरागमन

अमेरिकेंत युद्ध चालू असतां तेथील अध्यक्ष पुन्हां निवडून येणार कीं नाहीं, याचा अजमास लोकमताच्या चांचण्या घेऊन आधींच बांधण्याचा प्रघात आहे. जुन्या कागदांच्या संशोधकांस या विषयाशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें कर्तव्य पुष्कळच आहे. पेशवा निवडून येत नसे. सातारकर छत्रपतींकडून वस्त्रें आलीं म्हणजे तो पेशवा. तथापि युद्धाच्या धामधुमींत अमुक पुरुष मसनदीवर टिकेल काय, किंवा गेलेला परत येईल काय, याचा अदमास त्या काळींही घेतला जाई, त्यावर भरंवसा ठेवून फौजा हालत, आणि तो चुकला म्हणजे माणसें मरत. असा एक चुकलेला अदमास पुण्याच्या उंबरठ्यावर, तळेगांव-वडगांवच्या माळावर, इ. स. १७७९ च्या जानेवारींत उघडा पडला. तो कां चुकला हें उमगण्यास चांचणीचें आधुनिक तत्त्व फार उपयोगी पडतें. म्हणून प्रथम त्याचाच विचार करूं.

हें तत्त्व आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हतें. स्थालीपुलाकन्याय सर्वांस ठाऊक आहे: तपेल्यांतील एक शीत चेपून पाहिलें कीं सगळा भात शिजला किंवा नाहीं तें कळतें. परंतु या न्यायाला एक अट आहे व ती बहुधा कोणी बोलून दाखवीत नाहीं. भांड्याला आंच सर्वत्र सारखी लागली पाहिजे, निदान शीत काढण्यापूर्वीं भात ढवळला तरी पाहिजे. वरवरचींच शितें काढीत राहिल्यास तीं शंभर काढा कीं हजार काढा, तळाचा भात करपला आहे हें कळणार नाहीं. आम्ही शाळेंत असतांना वर्गास प्रश्न विचारला कीं पुढच्या बांकांवरचे हात भराभर वर येत, आणि नवख्या शिक्षकास वाटे कीं सर्व वर्गास धडा समजला!

अमेरिकेंतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाची गत अशीच झाली. १९३६ च्या निवडणुकीपूर्वीं त्यानें सुमारें एक कोट मतपत्रिका टपालानें वांटल्या. तेवीस लाखांच्या आसपास भरून परत आल्या. त्यांवरून लँडन हे रूझवेल्ट यांचा पराभव करणार असें त्यानें जाहीर केलें. प्रत्यक्षांत लँडन यांस मेन व व्हर्माँट हीं दोनच संस्थानें मिळालीं. मतपत्रिका ज्यांस धाडल्या त्यांचीं नांवें मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतलेलीं होतीं, आणि मंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन व मोटार बाळगणारा मनुष्य म्हणजे सारी प्रजा नव्हे. शिवाय ज्यांनीं उत्तरें धाडलीं तेही विशेष हौसेचे. त्याच वेळीं गॅलप यांनीं फार थोड्या माणसांस, पण निरनिराळ्या थरांतील माणसांस, विचारून रूझवेल्ट येणार असें सांगितलें, व तें खरें झालें.

भांडें ढवळलें तरी दुसरी अडचण उरते, ती काळाची. आणि युद्धांत ती विशेष जाणवते. इराकी सैन्यास कुवेतमधून हुसकून लावल्यावर, १९९१ च्या आरंभीं, थोरल्या बुश यांचा कारभार शेंकडा ८९ लोकांस पसंत होता. पुढच्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते निवडणूक हरले. उलट उदाहरण लिंकन यांचें, आणि तें तर हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं मनांत ठेवण्याजोगें आहे. १८६४ च्या उन्हाळ्यांत यादवी युद्ध रेंगाळलें होतें. चांचणी हा प्रकार तेव्हां नव्हता. पुढाऱ्यांचीं पत्रें हाच काय तो आधार. पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष व ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संपादक रेमंड यांनीं २२ ऑगस्टच्या पत्रांत कळविलें कीं, वारें सर्वत्र आपल्या विरुद्ध आहे. दुसऱ्या दिवशीं लिंकन यांनीं एका कागदावर चार ओळी लिहिल्या. आपण पुन्हां निवडून न येण्याचाच संभव फार, तेव्हां नव्या अध्यक्षाशीं सहकार्य करून त्याच्या अधिकारग्रहणापूर्वींच राष्ट्राचें ऐक्य राखावें लागेल, असा त्यांचा आशय. कागद घडी घालून चिकटविला आणि मंत्र्यांकडून न वाचतां पाठीवर सह्या घेतल्या. दहा दिवसांत अटलांटा शहर पडलें. ८ नोव्हेंबरच्या निवडणुकींत लिंकन यांस २१२ व प्रतिपक्षाच्या मॅक्‌लेलन यांस २१ निर्वाचक-मतें मिळालीं. तीन दिवसांनीं तो कागद मंत्र्यांपुढें फोडून वाचण्यांत आला. छावणींतील शिपायांचीं मतें मोठ्या प्रमाणांत लिंकन यांच्या बाजूस पडलीं. पण पुढाऱ्यांच्या पत्रांत त्या शिपायांचा आवाज कोठून येणार?

समजा, तो एकच कागद उरला असता आणि त्यावरची तारीख वाळवीनें खाल्ली असती, तर लिंकन यांच्या लोकप्रियतेविषयीं पुढच्या संशोधकानें काय लिहिलें असतें? हाच प्रश्न मनांत धरून आतां पुण्याकडे वळूं.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला. त्याच वर्षीं राघोबादादांनीं साताऱ्याहून वस्त्रें मिळविलीं व ते निजामावर आणि पुढें कर्नाटकाच्या रोखानें मोहिमेस निघाले. युद्ध चालवून आपलें आसन स्थिर करावें हा त्यांचा हेतु उघड दिसतो. प्रत्यक्षांत उलट झालें. सखारामबापू, नाना फडणीस आदि मंडळी निमित्तें काढून एकेक लष्करांतून परतली, आणि १७७४ च्या जानेवारींत गर्भवती गंगाबाईस पुरंदरावर नेऊन बारभाईंनीं तिच्या नांवें कारभार हातीं घेतला. मार्चांत पंढरपुराजवळ कासेगांव येथें दादांनीं त्रिंबकराव पेठ्यांचा मोड केला, पेठे कामास आले. परंतु रणांत जिंकलेला हा पुरुष राजधानीवर न येतां बऱ्हाणपुराकडे वळला. पुण्यांत आपल्याविषयीं काय मत आहे याचा त्यांनीं बांधलेला हा अदमासच म्हणावयाचा, आणि आमच्या मतें तो अगदींच खोटा नव्हता. १८ एप्रिलास सवाई माधवरावांचा जन्म झाला व चाळीस दिवसांच्या मुलास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं.

पुढें सुरतेचा तह (१७७५), आडासची लढाई आणि पुरंदरचा तह (१७७६) या गोष्टी सर्वश्रुत आहेत. आमच्या प्रश्नास महत्त्वाचें साल १७७८. त्या वसंतांत नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनीं उचल खाल्ली. तुकोजी होळकर त्यांच्याकडे झुकले. नाना पुरंदरावर गेले. मोरोबांच्या पक्षाकडून मुंबईकर इंग्रजांस निरोप होता कीं दादांस पुण्यास घेऊन यावें. मुंबईच्या कौन्सिलास यापेक्षां अधिक काय पाहिजे होतें! खुद्द पुण्याचा कारभारी बोलावतो, होळकरांसारखा सरदार अनुकूल, त्या अर्थीं पुण्याचें मत दादांकडे आहे, असा हिशेब झाला. निरोप खोटा नव्हता. तो एका पक्षाचा होता आणि एका ऋतूचा होता, इतकेंच. महादजी शिंद्यांच्या बळावर नाना सावरले, होळकर परत वळले, आणि जुलैंत मोरोबा कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्यांत पडले.

मुंबईची फौज निघाली ती नोव्हेंबरांत! सुमारें ३९०० माणूस, हजारों बैल आणि दादा असा तो लवाजमा बोरघाट चढून इतक्या मंद गतीनें चालला कीं मराठ्यांस वाटेवरचा चारा जाळावयास व तळेगांव उजाड करावयास भरपूर सवड सांपडली. फौजेवरील त्रिवर्ग समितींत एगर्टन व कार्नाक यांच्याबरोबर मॉस्टिन होता. हा पूर्वीं पुण्यास कंपनीचा वकील म्हणून राहिलेला. पुण्याचें अंतरंग जाणणारा असा कोणी त्या लष्करांत असेल तर तोच. तो वाटेंतच आजारी होऊन मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजीं वारला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टुर फांकडा’, गोळा लागून पडला. ९ जानेवारीस फौज तळेगांवीं पोंचली. दादांचे म्हणून जे पक्षपाती येऊन मिळावयाचे, त्यांपैकीं वजनदार असा कोणीही आला नाहीं. ११ तारखेच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत ढकलून इंग्रज मागें फिरले, वडगांवीं कोंडले गेले, आणि १७७३ पासून मिळविलेला मुलूख परत देण्याचा करार त्यांनीं लिहून दिला. दादा महादजींच्या स्वाधीन झाले. कलकत्त्याहून हेस्टिंग्जनें करार मानला नाहीं व युद्ध सालबाईपर्यंत लांबलें, हा भाग निराळा.

लोकांस दादांविषयीं तिटकारा होता म्हणून कोणी आलें नाहीं, असें पुष्कळदां लिहिलें जातें. नारायणरावांच्या रक्ताचा डाग व परकी तोफांचा आश्रय यांनीं दादांचें वजन उतरलें होतें यांत संशय नाहीं. पण मोरोबा यशस्वी झाले असते तर हेच सरदार दादांच्या मुजऱ्यास आले नसते, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. दोन्ही दगडांवर हात ठेवून बसलेले लोक कोणता दगड बुडतो याची वाट पाहत होते.

आतां कागदांकडे येऊं. या प्रकरणाचीं जीं मराठी पत्रें आपणांस उपलब्ध आहेत, तीं बहुतांशीं जिंकलेल्या पक्षाचीं आहेत. मेणवलीचें दप्तर नानांचें. वासुदेवशास्त्री खरे यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापलेला ठेवा मुख्यतः पटवर्धनांचा, आणि पटवर्धन बारभाईंच्या बाजूचे. शास्त्रीबोवांचे उपकार मानावे तितके थोडे आहेत. परंतु त्या पत्रांवरून ‘सर्व महाराष्ट्र दादांविरुद्ध होता’ असें विधान करणें म्हणजे टेलिफोनच्या यादीवरून रूझवेल्ट यांचा पराभव ठरविणें होय. मोरोबांच्या पक्षाचे लोक कैदेंत गेले. त्यांच्या घरच्यांनीं कागद जपून ठेवले असतील कीं रातोरात चुलींत घातले असतील, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. शिवाय नाजुक मजकूर पत्रांत येतच नसे. ‘सविस्तर मुखवचनें कळेल’ म्हणून पत्र संपतें, आणि आपणांस हवें असलेलें मत जासुदाच्या तोंडीं निघून जातें.

काळाविषयीं तर अधिकच जपावें लागतें. खासगी पत्रांत पुष्कळदां केवळ तिथि किंवा ‘छ’ घालून चंद्र व महिना असतो, साल नसतें. शके १७०० विलंबी संवत्सर एवढ्यावरून काम भागत नाहीं, कारण मोरोबांची चढती व त्यांची कैद दोन्ही त्याच संवत्सरांतलीं. येथें सुहूर सन उपयोगी पडतो. तो मृगाला पालटतो. त्यामुळें वसंतांतील निरोप ‘समान सबैन’चा आणि नोव्हेंबरची स्वारी ‘तिसा सबैन’ची. या एका शब्दाच्या चुकीनें एखाद्या सरदाराची निष्ठा उलटी लिहिली जाईल.

आणि सालच नसेल तेव्हां पत्र कोणत्या रुमालांत, कोणत्या पत्रांच्या शेजारीं होतें, एवढाच आधार राहतो. दुर्दैवानें हल्लीं रुमाल सोडून सुबक मोडीचीं व शिक्क्याचीं पत्रें तेवढीं वेगळीं विकलीं जातात, आणि उरलेल्या चिठ्ठ्या-चपाट्या रद्दींत जातात. संग्राहकांनीं असा माल घेतांना विक्रेत्याकडून निदान मूळ रुमालावरील चिठी तरी मागून घ्यावी, आणि घेतलेल्या पत्रावर तें कोणत्या घराण्याचें, कोणत्या गांवाहून आलें, हें त्याच दिवशीं वेगळ्या कागदावर टिपावें. पत्रावर लिहूं नये.

मोरोबांच्या पक्षास मिळालेल्या कोणाही सरदाराचें, कारकुनाचें वा सावकाराचें ‘समान सबैन’ किंवा ‘तिसा सबैन’मधील पत्र वाचकांपैकीं कोणापाशीं असल्यास, तें कितीही क्षुल्लक वाटो, त्याची नक्कल रुमालांतील मागच्यापुढच्या पत्रांसह या त्रैमासिकाकडे पाठवावी. केवळ लग्नाचें, धान्याचें किंवा हुंडीचें पत्र असलें तरी चालेल. त्या आठ महिन्यांत कोणी कोणाकडे पैका ठेवला व कोणाकडून काढून घेतला, एवढें कळलें तरी पुष्कळ झालें.