हळदीचे स्वामित्व आणि हळदीची परीक्षा

सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघतात तेव्हा घेणारा आणि देणारा दोघेही मालाचे पारखी असतात. हळकुंड मोडून गाभ्याचा रंग पाहिला की दराचा अंदाज बांधता येतो. त्याच हळदीतील करक्युमिन हे द्रव्य कॅप्सूलमध्ये बंद होऊन औषधाच्या दुकानात येते, तेव्हा मात्र ही पारख संपते. स्मृतिभ्रंश झालेल्या आईसाठी ती बाटली नेणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला ती गुणकारी आहे की नाही हे विकत घेण्यापूर्वी तर कळत नाहीच, पण वर्षभर देऊनही कळत नाही. अल्झायमरचा रुग्ण चार दिवस बरा दिसतो, पाचव्या दिवशी मुलाचे नाव विसरतो. कॅप्सूल दिली नसती तर काय झाले असते, हे सांगणार कोण? अशा वस्तूंच्या बाबतीत ग्राहकाचा अनुभव हा पुरावा ठरत नाही आणि बाजाराचा नेहमीचा न्याय तेथे चालत नाही. निकाल लागतो तो केवळ चाचणीने.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे.

हळदीचा या रोगाशी संबंध जोडण्यात हरियाणातील बल्लभगडच्या पाहणीचा मोठा वाटा आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पासष्टीपुढील लोकांमध्ये अल्झायमरचे नवे रुग्ण दर हजारी वर्षाला ४.७ आढळले, अमेरिकेतील पेनसिल्वेनियाच्या एका खोऱ्यात हेच प्रमाण १७.५ होते. भारतीय हळद खातात, म्हणून विसरत नाहीत, असा निष्कर्ष जाहिरातदारांनी काढला. वास्तविक त्या पाहणीत हळद तपासलीच नव्हती, आणि पाहणीचा काळ अल्प असल्याने निष्कर्ष जपून काढावेत, असे संशोधकांनीच बजावले होते.

प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचण्या काय सांगतात? हाँगकाँगमध्ये २००८ साली ३४ रुग्णांवर आणि कॅलिफोर्नियात २०१२ साली ३६ रुग्णांवर करक्युमिनचा प्रयोग झाला. दोन्हींत लाभ दिसला नाही. तोंडावाटे घेतलेले करक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, हे त्यामागील एक कारण असावे. २०१८ साली सुलभतेने शोषले जाणारे करक्युमिन ४० जणांच्या चाचणीत वापरले, तेव्हा स्मरणाच्या कसोट्यांत सुधारणा दिसली. पण ते चाळीस जण स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हतेच. आता या आकड्यांशेजारी लेकानेमॅब या औषधाचा आकडा ठेवावा. त्याची चाचणी १,७९५ रुग्णांवर झाली. अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, २०२३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि वर्षाची किंमत ठरली २६,५०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २२ लाख रुपये.

चौतीस आणि सतराशे पंचाण्णव यांतील अंतर हा विज्ञानाचा नव्हे, मालकीचा प्रश्न आहे. लेकानेमॅबला धनी आहे. चाचणीवर ओतलेला पैसा पेटंटच्या बळावर वसूल करता येतो. हळदीला धनी नाही, आणि तो नसावा यासाठी आपणच झगडलो. जखमेवर हळद लावण्याच्या गुणाचे पेटंट १९९५ साली एका अमेरिकन विद्यापीठास मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करविले. तो विजय न्याय्यच होता. परंतु सर्वांच्या मालकीच्या वस्तूची परीक्षा कोणी करावयाची, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारला नाही. खाजगी कंपनी ती का करील? चाचणीवाचून बाटली खपतेच आहे.

सरकारी पैशाने हे करता येते. जिंको या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणासाठी जगभर खपत असता, अमेरिकेत प्रामुख्याने सार्वजनिक निधीतून पंचाहत्तरीपुढील ३,०६९ जणांवर त्याची दीर्घ चाचणी झाली. २००८ साली उत्तर आले, स्मृतिभ्रंश टळत नाही. नकारार्थी असले तरी हे उत्तर किती घरांचा पैसा वाचविणारे होते!

आपल्याकडे १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींस मनाई करतो. म्हणून बाटलीवर रोगाचे नाव नसते. ‘स्मरणशक्तीस साहाय्यक’ एवढेच असते. उरलेला अर्थ ग्राहक भीतीपोटी स्वतः भरतो. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हीदेखील समजूतच. इटलीत २०१९ साली हळदीची पूरके घेणाऱ्या काही व्यक्तींना यकृतदाह झाल्याचे आढळले. पिवळेपणासाठी भुकटीत मिसळलेल्या लेड क्रोमेटमधील शिसे तर मेंदूचेच विष आहे.

आणि खर्च? दरमहा बाटलीवर जाणारी रक्कम बहुधा सोबतीला ठेवावयाच्या बाईच्या पगारातून कापली जाते. रात्री उठून दार उघडू पाहणाऱ्या वृद्धेला त्या बाईचा उपयोग निश्चित असतो.

जानेवारी २०२५ मध्ये निझामाबादला राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन झाले. निर्यात वाढविणाऱ्या या मंडळाने वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने हजार-दोन हजार रुग्णांची एक चाचणी हाती घ्यावी आणि निकाल काहीही लागो, तो प्रसिद्ध करण्याचे आधीच जाहीर करावे. उत्तर ‘नाही’ असे आले तरी सांगलीच्या शेतकऱ्याचे फारसे बिघडणार नाही. त्याची हळद मुख्यतः आमटीसाठीच विकली जाते.