फुल फ्रेम कॅमेरा : आकर्षण कशाचे आणि खर्च कोणी करावा?

लग्नसराई सुरू झाली की आमच्या वस्त्यांतून फोटो काढणाऱ्या होतकरू मुलांच्या तोंडी हल्ली एकच शब्द ऐकू येतो, ‘फुल फ्रेम’. कोणी घेतला, कोणी हप्त्यावर घेतला, कोण घेणार आहे, याची चर्चा चहाच्या टपरीवर रंगते. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र एवढेच कळते की, चांगला चालणारा कॅमेरा घरात असताना पोराला लाख-सव्वा लाखाचा दुसरा हवा आहे. पतपेढीचे फॉर्म भरून देण्याचे काम आम्ही बरीच वर्षे करीत असल्याने अशी मुले आणि त्यांच्या आया आमच्याकडे येतात. फॉर्मवर सही घेण्यापूर्वी ही वस्तू आहे तरी काय, हे समजून घ्यावे म्हणून आम्ही चार फोटोग्राफरांकडे बसलो, कॅमेरे हाताळले, थोडे वाचनही केले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावाचा उलगडा करू. आपल्यापैकी ज्यांनी रोलचे कॅमेरे वापरले त्यांना छत्तीस फोटोंचा रोल आठवत असेल. त्या रोलवरील एका फोटोची चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असे. हे माप जर्मनीतील वेट्झलार गावच्या लाइट्झ कारखान्यात काम करणाऱ्या ऑस्कर बर्नाक या कारागिराने रूढ केले. दम्याच्या विकारामुळे त्याला मोठाले कॅमेरे आणि काचेच्या प्लेटा वाहून नेणे जमत नसे. सिनेमाची फिल्म त्याने छोट्या कॅमेऱ्यात आडवी चालविली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट केली. १९२५ साली लायका नावाने तो कॅमेरा बाजारात आला. पुढे पाऊणशे वर्षे जगभरचे बातमीदार, छायाचित्रकार याच मापावर वाढले. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चकती, म्हणजे सेन्सर, आला. हा सेन्सर जुन्या फिल्मच्याच मापाचा असेल तर तो कॅमेरा फुल फ्रेम. एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

‘फुल’ म्हटले म्हणून यापेक्षा मोठे काही नाही असे मात्र समजू नये. आपल्याकडे घरोघरी दिसणारा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ हा साधा डबा कॅमेरा पुष्कळांना आठवेल. त्याची चौकट सहा बाय सहा सेंटिमीटरची, म्हणजे आजच्या फुल फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी होती! तरी त्याचे फोटो जेमतेमच येत, कारण पुढे बसविलेले भिंग अगदी साधे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

डिजिटलच्या सुरुवातीला फुल फ्रेम सेन्सर बनविणे फार महाग पडे. याचे कारण घरातल्या पोळपाटावरच समजते. सिलिकॉनची गोल पोळी लाटून तिचे चौकोनी तुकडे पाडायचे, असे समजा. तुकडे शंकरपाळ्याएवढे असतील तर पुष्कळ निघतात, आणि पोळीवर चार ठिकाणी डाग असला तर चार शंकरपाळे वाया जातात. तुकडे मोठे असले तर मुळात निघतात थोडे, कडेचा भाग फुकट जातो, आणि तेच चार डाग चार मोठे तुकडे घेऊन जातात. म्हणून १९९९ साली आलेल्या निकॉन डी १ सारख्या कॅमेऱ्यांत छोटा सेन्सर होता. २००२ साली कॅननचा फुल फ्रेम ‘वन डी एस’ आला, त्याची अमेरिकेतील किंमत होती आठ हजार डॉलर. २००५ साली ‘फाइव्ह डी’ ३,२९९ डॉलरला आला तेव्हा कुठे स्टुडिओवाल्यांचा हात तिथे पोहोचू लागला. २००७ चा निकॉन डी ३ आला आणि अंधारात फोटो काढण्याची रीतच पालटली. २०१३ साली सोनीने आरसा काढून टाकलेला हलका ए सेव्हन आणला. आज आपल्याकडे नवी फुल फ्रेम बॉडी साधारण लाखाच्या आसपासपासून सुरू होते, पुढे तीन-पाच लाखांपर्यंत जाते. लेन्स वेगळी.

आता मुख्य प्रश्न. एवढे पैसे मोजून मिळते काय?

मिळतो तो प्रकाश. पाऊस पडत असताना अंगणात एक परात ठेवा आणि एक ताट ठेवा. पाऊस दोघांवर सारखाच, वेळ सारखीच, पण परातीत पाणी जास्त जमणार. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. नेहमीच्या छोट्या डिजिटल एसएलआरचे साडेतीनशेच्या आसपास. बहुतेक मोबाइलच्या सेन्सरचे तर फुल फ्रेमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. भर दुपारी मैदानात पाऊस धो धो असतो, वाटीही भरते. म्हणून उन्हातला मोबाइलचा फोटो आपल्याला छान वाटतो. सायंकाळी मंडपात, रात्रीच्या जलशात, एका ट्यूबलाइटच्या खोलीत पाऊस म्हणजे नुसती भुरभुर. तिथे वाटीवाल्याला कॅमेऱ्याचा आयएसओ चढवावा लागतो, म्हणजे जमलेल्या थोड्या प्रकाशाला आवाज वाढवावा तसे वाढवावे लागते. आवाजाबरोबर खरखरही वाढते. फोटोत तीच खरखर वाळूसारखे दाणे होऊन दिसते. परातवाल्याला खरखर उशिरा सुरू होते.

ज्यांनी बुद्धविहारातील लग्ने टिपली आहेत त्यांना दुसरी एक अडचण ठाऊक आहे. वधूची पांढरी साडी, वराचे पांढरे कपडे, मागे निळा पडदा आणि दोघांचे सावळे चेहरे. कॅमेऱ्यातील मोजयंत्र समोरचे सारे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. पांढरे फार दिसले की ते समजते, प्रकाश जास्त झाला, आणि प्रकाश कापते. परिणामी साडी राखाडी आणि चेहरे काळेठिक्कर. मुरलेला फोटोग्राफर प्रकाश एक-दीड स्टॉप वाढवितो. मग चेहरे खुलतात, पण साडीची नाजूक नक्षी उडून नुसते पांढरे फडके दिसू लागते. नक्षीही राहावी आणि नवरीचा चेहराही उजळ दिसावा, यासाठी सेन्सरला अंधार आणि उजेड यांचा मोठा पल्ला एकाच वेळी झेपावा लागतो. चांगल्या फुल फ्रेमला चौदा स्टॉपच्या आसपासचा पल्ला झेपतो. दर स्टॉपला प्रकाश दुप्पट, असा हिशेब आहे. दिवसाउजेडी आजचे चांगले छोटे सेन्सरही यात फार मागे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक पडतो तो दिवस मावळल्यावर.

सावळ्या चेहऱ्यांचा हा प्रश्न केवळ आपल्या मंडपापुरता नाही. कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना रंग जुळविण्यासाठी नमुन्याचे एक कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे, आणि पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती ठीक दिसली की लॅबचे काम ठीक. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसतच नव्हते. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर लेख लिहून दाखवून दिले की, गडद तपकिरी छटा नीट याव्यात ही तक्रार कंपनीकडे जोरात नेली ती चॉकलेट आणि लाकडी सामान बनविणाऱ्यांनी. टेबल-खुर्चीचा रंग नीट यावा म्हणून फिल्म सुधारली आणि त्यात माणसांचेही भले झाले! आज फोटोग्राफर रॉ फाइल घेऊन सावलीतला चेहरा स्वतःच्या हाताने वर आणू शकतो, कोणा शर्लीवर अवलंबून राहत नाही. आम्हांला विचाराल तर गंभीरपणे काम करणाऱ्याला मोठ्या सेन्सरचे जे आकर्षण आहे त्यात हे कारण सर्वांत वजनदार.

बाकीची कारणे थोडक्यात. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या लेन्स फुल फ्रेमवर पूर्वीइतकेच रुंद दृश्य देतात. छोट्या सेन्सरवर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते आणि दहा बाय दहाच्या खोलीत माणसाला भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. मागची गर्दी धूसर करून एकच चेहरा पुढे आणणे सोपे जाते. डोळा लावून बघायची खिडकी मोठी असते. वजनाचे मात्र बोलायला हवे. आरशाचा फुल फ्रेम आणि त्याची भारी झूम लेन्स मिळून पावणेदोन किलोपर्यंत भरते. हळदीपासून पाठवणीपर्यंत ते गळ्यात बाळगणे म्हणजे हमालीच. या धंद्यात आता आपल्या मुलीही येत आहेत, त्यांनी आणि मुलांनीही मानेचा विचार करून बिनआरशाचा हलका कॅमेरा पाहावा.

आता पैशाकडे येऊ. आमच्या माहितीतला एक मुलगा आपल्या आईला घेऊन आला. आई धुणीभांडी करते, वडील गिरणीतून केव्हाच घरी बसलेले. मुलाजवळ छोट्या सेन्सरचा कॅमेरा आणि त्याबरोबर मिळालेली १८-५५ ची लेन्स.

“काका, आधी फुल फ्रेम बॉडी घेतो, लेन्सचं मग बघू,” तो म्हणाला.

“भाऊ, ह्याच्या बापाच्या फंडाचे बँकेत ठेवलेत, ते मोडायचे म्हणतोय,” आई म्हणाली. “तुम्हीच सांगा याला काय ते.”

आम्ही कागद घेतला. एक लाख वीस हजार, चौदा टक्के, घटत्या शिलकीवर दोन वर्षे. हप्ता येतो ५,७६० रुपयांच्या आसपास आणि व्याज अठरा हजारांवर जाते. लग्ने वर्षात चार-पाच महिने, हप्ता मात्र बारा महिने. नंतर आम्ही त्याच कागदावर प्रकाशाचा हिशेब मांडला, कारण बीकॉमच्या माणसाला दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. छोट्या सेन्सरवरून फुल फ्रेमवर गेल्यास प्रकाश मिळतो अडीच पट, म्हणजे सव्वा स्टॉप. त्याच्या जवळची लेन्स ५५ वर ५.६ एवढीच उघडते. त्याऐवजी १.८ उघडणारी ५० ची साधी लेन्स लावली तर प्रकाश मिळतो जवळजवळ दहा पट. तिची किंमत दहा-बारा हजारांच्या घरात. मुलगा कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. “पण काका, मोठ्या ऑर्डरवाले बॉडी कोणती तेच विचारतात,” असे तो म्हणाला. हेही खोटे नाही. गिऱ्हाईक कॅमेऱ्याचे नाव ऐकून भाव ठरविते, हा या धंद्यातला अनुभव आहे. ठेव मोडली नाही, लेन्स घेतली. मोठी ऑर्डर असली की तो फुल फ्रेम भाड्याने आणतो. मुंबई-पुण्यात दिवसाला हजार-दोन हजारांत डिपॉझिट आणि ओळखपत्रावर मिळतो, आणि ते भाडे ऑर्डरच्या बिलात धरता येते.

फुल फ्रेम कोणी घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. ज्याला महिन्यातून सात-आठ दिवस भाड्याने आणावा लागतो त्याने घ्यावाच, कारण तेवढ्या भाड्यात हप्ता निघतो. ज्याला बारा बाय छत्तीस इंचाच्या अल्बमच्या पानावर रात्रीच्या मिरवणुकीचा फोटो पसरून लावायचा आहे, ज्याला प्रदर्शनासाठी मोठे प्रिंट काढायचे आहेत, त्यानेही घ्यावा. जयंतीच्या फ्लेक्ससाठी मात्र मुळीच गरज नाही. वीस फुटांचा फ्लेक्स माणूस रस्त्याच्या पलीकडून पाहतो, त्याला साधा कॅमेराही पुरतो.

आणि ज्याला आपल्या माणसांचे जगणे टिपायचे आहे त्याचे काय? सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. घाणीत उतरलेली ती माणसे, त्यांची घरे शहराने त्या फोटोंतून पाहिली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तामिळनाडूत एम. पलनी कुमार या मासे विकणाऱ्या आईच्या मुलाने गटारात उतरणाऱ्यांचे फोटो काढले, त्यांना २०२२ साली ‘परी’ संस्थेचा दयानिता सिंग यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. असे काम अंधाऱ्या जागी, फ्लॅश न उडविता करावे लागते, तेथे परात उपयोगी पडते हे खरेच. पण त्या घरात आपल्याला बसायला पाट मिळतो की नाही, हे सेन्सर ठरवीत नाही.

घ्यायचाच तर जुना घेण्यात कमीपणा नाही. पाच-सात वर्षांपूर्वीची फुल फ्रेम बॉडी नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते आणि तिची परात आजही तेवढीच मोठी आहे. घेताना विक्रेत्याला शटर काउंट दाखवायला लावावे. निकॉन डी ७५० किंवा कॅनन फाइव्ह डी मार्क थ्री यांचे शटर दीड लाख वेळा चालेल असे कंपनीने सांगितले आहे. त्यातले सव्वा लाख झाले असतील तर भाव पाडून मागावा. लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का पाहावे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. घरी आणल्यावर कॅमेरा कपाटात कपड्यांखाली न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापराव्यात.