पाणी कुठं ढकलतं ते आधी पाहा : रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचं मॉडेल

आजचा विषय तळहातावर मावणारा आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवणारी स्टेशनातली लोखंडी टाकी, तिचं १:८७ प्रमाणातलं मॉडेल, आणि तेही तयार किट न आणता घरच्या घरी, कोऱ्या शीटपासून. टाकी ५६ मिलिमीटर लांब-रुंद, २८ मिलिमीटर उंच आणि तिच्याखाली ७० मिलिमीटरचे खांब. बस्स, एवढाच पसारा.

पण तेवढ्याशा वस्तूसाठी तासभर बोलायचं, कारण ही वस्तू आता आपल्या डोळ्यांसमोरून जाते आहे. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली बाहेर पडलं. त्याचं नावच ‘अंतिम सितारा’ होतं. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक १९९५ मध्ये थांबली. इंजिनं निदान संग्रहालयात तरी गेली. टाक्या कोण ठेवणार? काही स्टेशनच्या नळांसाठी राहिल्या, बाकीच्या भंगारात निघाल्या. माथेरानच्या रेल्वेवर एका स्टेशनचं नावच ‘वॉटर पाईप’ आहे, म्हणजे पाण्याचं महत्त्व किती होतं ते बघा. म्हणून मी म्हणतो, असं मॉडेल ही एक प्रकारची नोंद असते. आणि नोंद म्हटली की ती बरोबर हवी.

बरोबर कशी करायची, याचं माझं सूत्र एकच आहे. टाकीवरचा प्रत्येक तपशील पाण्यानं घडवलेला असतो. पाणी ढकलतं, पाणी गाळ टाकतं, पाणी गळतं. ते कुठं आणि का, हे कळलं की कुठं काय लावायचं हे पाठ करावं लागत नाही.

टाकी कोणती निवडायची

परदेशी मासिकांत अमेरिकेतली लाकडी, गोल टाकी दिसते. उभ्या फळ्या आणि त्यांना आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या. त्या पट्ट्या वर विरळ असतात आणि खाली दाट. का? पाणी जितकं खोल, तितका दाब जास्त, म्हणून तळाशी आवळायला जास्त पट्ट्या. मॉडेल करणारा सगळ्या पट्ट्या समान अंतरावर लावतो आणि तिथंच टाकी खोटी वाटायला लागते.

आपल्याकडची ओळखीची टाकी मात्र चौकोनी. दाबून उठाव काढलेल्या पोलादी प्लेटा एकमेकींना बोल्टनं जोडलेल्या. वर्षानुवर्षं या प्लेटचं माप ठरलेलं होतं : ४ फूट बाय ४ फूट. आणि हीच आपल्यासाठी पर्वणी आहे. ४ फूट म्हणजे १२१९ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागा. उत्तर येतं १४. नेमके १४ मिलिमीटर! नंतरच्या मेट्रिक टाक्यांत प्लेट सव्वा मीटरची झाली, तिचे होतात १४.४ मिलिमीटर.

याचा दुसरा फायदा असा, की टाकीवर टेप लावायची गरजच नाही. प्लॅटफॉर्मवर उभं राहून प्लेटा मोजा. लांबीला चार, रुंदीला चार, उंचीला दोन. झाली टाकी १६ बाय १६ बाय ८ फुटांची. एक चांगला फोटो हातात असला तरी सगळं माप निघतं.

आता पाणी किती? चार फुटांचा एक घन म्हणजे ६४ घनफूट, म्हणजे जवळजवळ ४०० गॅलन. आपल्या टाकीत असे ३२ घन बसतात. १२,८०० गॅलन, सुमारे ५८,००० लिटर. ब्रॉडगेजच्या मोठ्या इंजिनाच्या टेंडरमध्ये २०,००० लिटरहून जास्त पाणी मावायचं. म्हणजे आपली टाकी दोन-अडीच इंजिनांतच रिकामी. तेव्हा एवढी टाकी छोट्या स्टेशनला शोभते. मोठं जंक्शन करत असाल तर टाक्या वाढवा.

भिंती

ही टाकी काठोकाठ भरली, की वरच्या ओळीतल्या एका प्लेटवर पाण्याचा रेटा येतो सुमारे ०.९ टन. खालच्या ओळीतल्या प्लेटवर? २.७ टन. बरोबर तिप्पट. सपाट पत्रा असता तर फुगून बाहेर आला असता. म्हणून प्लेटवर उठाव असतो. मधे चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यांतून कडांकडे जाणाऱ्या तिरक्या घड्या. ती नक्षी नव्हे. कागदाला घडी घातली की तो ताठ उभा राहतो, तेच तत्त्व. शिवाय समोरासमोरच्या भिंती आतून सळ्यांनी बांधलेल्या असतात, आणि खालच्या ओळीची प्लेट वरच्यापेक्षा जाड असते.

मॉडेलमध्ये हे असं करायचं. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटचे तुकडे एकावर एक चिकटवून एका प्लेटचा साचा बनवा. तो वाळला की त्यावर ॲल्युमिनियमचा मऊ पत्रा ठेवायचा. हॉटेलातून पार्सल येतं ना, त्या डब्याचा चालतो. गुळगुळीत तळ तेवढा घ्या. पेन्सिलीच्या मागच्या रबरानं मधून कडांकडे दाबत जा, उठाव उमटतो. मग पट्टी लावून १४ मिलिमीटरचा चौकोन कापा. असे ३२ लागतात, तुम्ही ४० करा, कारण त्यातले काही बिघडणारच. मागच्या पोकळीत फेव्हिकॉल भरून वाळवा, म्हणजे नंतर बोट लागून चेपणार नाहीत.

आतला खोका एक मिलिमीटरच्या शीटचा. दोन भिंती ५६ मिलिमीटरच्या आणि त्यांच्या मधे बसणाऱ्या दोन ५४ च्या. हे विसरलात तर खोका एका बाजूनं ५८ चा होतो आणि शेवटच्या प्लेटांशेजारी फट राहते. प्लेटा चिकटवल्या की सांध्यांवर पाऊण मिलिमीटर रुंदीच्या बारीक पट्ट्या आडव्या धारेवर उभ्या करायच्या. या प्लेटच्या दुमडलेल्या कडा. दर भिंतीला तीन उभ्या आणि एक आडवी.

बोल्टचं काय? हा प्रश्न हमखास येतो. बोल्टचं डोकं इंचभर धरलं तर १:८७ मध्ये ते ०.३ मिलिमीटर होतं. मिठाच्या कणाएवढं! ते ठळक दाखवले तर टाकीला पुरळ आल्यासारखं दिसतं. (हशा) ज्या बाजूला उजेड पडणार तिथल्या पट्टीवर सुईच्या टोकानं हलके ठिपके द्या. पुरे.

खांब आणि तुळया

नुसतं पाणीच ५८ टन. मालगाडीच्या एका बॉक्सएन वाघिणीत जेवढा कोळसा भरतात, जवळपास तेवढं वजन हवेत उचलून धरायचं आहे. म्हणून तळाच्या प्रत्येक सांध्याखाली एक आडवी तुळई हवीच. आपल्याकडे दर १४ मिलिमीटरला एक, अशा पाच. त्यांच्याखाली काटकोनात तीन मोठे गर्डर. त्यांच्याखाली तीन-तीनच्या तीन रांगा, नऊ खांब. एका खांबावर साडेसहा टन पाणी आणि वर लोखंडाचं वजन वेगळं. हा क्रम डोळ्यांना दिसला पाहिजे. चार कोपऱ्यांत चार काड्या लावून वर खोका ठेवला, की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण टाकी कोसळेल असं वाटत राहतं.

तिरके पट्टे वाऱ्यासाठी. भरलेली टाकी वजनानं खाली दाबते, रिकामी टाकी वाऱ्यासमोर नुसतं शीड. दोन मजल्यांत फुलीसारखे पट्टे लावा. खांबांच्या पायाशी काँक्रीटचा ठोकळा, जमिनीवर फूटभर, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. खांबाशी पाणी साचू नये म्हणून तो असतो.

खांब २० फुटी का? टेंडरच्या तोंडापेक्षा पाणी वर हवं, आणि जमिनीखालच्या लांब पाइपातून जाताना जोर कमी होतो तोही भरून काढायला हवा. गाडी पाण्यासाठी खोळंबलेली असते. उंची जास्त, धार जोरात, थांबा कमी.

पाइप

टाकीचे पाइप चार, आणि चौघांचं काम वेगळं. पंपाकडून येणारा पाइप बारीक, कारण पंप सावकाश, तासन्‌तास चालतो. तो बाहेरून चढून वरच्या काठावरून आत उतरतो. इंजिनाकडे जाणारा जाड, सहा-आठ इंची, कारण त्याला घाई आहे. मॉडेलमध्ये पहिल्याला एक मिलिमीटरची तार आणि दुसऱ्याला दोन-सव्वादोन मिलिमीटरची नळी. जाड पाइपाचं तोंड आत तळापासून थोडं वर असतं, म्हणजे गाळ इंजिनात जात नाही. गाळ काढायचा तिसरा पाइप मात्र अगदी तळाशी, खाली व्हॉल्व्हसह. चौथा ओव्हरफ्लो. काठाच्या जरा खालून निघून सरळ जमिनीपर्यंत.

आता माझा सगळ्यात आवडता तपशील. टाकीच्या बाहेर एक उभी पट्टी असते, तिच्यावर आकडे आणि वरखाली सरकणारा काटा. आत तरंगणारा डबा, त्याची तार वरच्या कप्पीवरून बाहेर, आणि टोकाला काटा. पाणी चढलं की डबा वर जातो आणि काटा खाली येतो! म्हणजे ही पट्टी उलटी असते. ‘भरलेली’ची खूण तळाशी, ‘रिकामी’ची वर. मॉडेलवर हे आकडे सुलटे रंगवले, तर जुना रेल्वेवाला लांबूनच ओळखेल.

पाणी इंजिनात पडतं ते टाकीतून नाही, प्लॅटफॉर्मच्या टोकाशी टेंडर जिथं थांबतं तिथल्या वॉटर कॉलममधून. उभा बिडाचा खांब, फिरणारा आडवा हात आणि त्याला लोंबती पिशवीसारखी नळी. काम नसताना हा हात रुळांना समांतर ठेवतात. तो रुळांवर आडवा ठेवून शेजारून मेल गाडी सोडलीत, तर तुमच्या मॉडेलमध्ये अपघात झाला असं समजा.

रंग, गंज, क्षार

आधी तांबडा प्रायमर, वर चंदेरी ॲल्युमिनियम रंग. मग पुन्हा पाण्याला विचारायचं. गळणार कुठं? सांध्यांवर, आणि दाब जिथं जास्त तिथं, म्हणजे खालच्या ओळीत. तेव्हा गंजाचे ओघळ आडव्या सांध्यापासून आणि तळाच्या कडेपासून सुरू करा, सरळ खाली ओढा. सबंध टाकीवर तपकिरी रंग फासू नका. दख्खनच्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, क्षारयुक्त. गळती सुकली की पांढरा थर उरतो. गंजाच्या ओघळाशेजारी एखादी मळकट पांढरी रेघ द्या. ओव्हरफ्लोच्या पायाशी जमीन ओली, शेवाळ, दोन-चार अळूची पानं. बाकी आवार कोरडं ठेवलंत तर हा हिरवा कोपरा आपोआप खरा वाटतो.

शेवटी अक्षरं. टाकीवर क्षमता आणि साफ केल्याची तारीख रंगवलेली असते. क्षमता गॅलनमध्ये लिहायची की लिटरमध्ये? मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि पुढच्या काही वर्षांत मापं बदलत गेली. तुमचा देखावा १९५० चा असेल तर गॅलन, १९८० चा असेल तर लिटर. एका शब्दावर सगळ्या देखाव्याचं साल ठरतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*थ्रीडी प्रिंटर असेल तर एवढी खटपट कशाला?*

जरूर वापरा, प्लेटा सुरेख निघतील. पण प्रिंटर तुम्ही सांगाल तेच छापतो. काटा सुलटा काढलात तर तो सुलटाच छापेल, आणि सगळे खांब एका कोपऱ्यात काढलेत तरी तक्रार करणार नाही. वर जे बोललो ते डोक्यात हवं. हात कुठला वापरायचा, ते तुम्ही ठरवा.

*आमच्या गावच्या स्टेशनात अशी टाकी अजून आहे. मोजायला काय काय न्यावं?*

वर चढू नका, रूळ ओलांडू नका. स्टेशनमास्तरांना भेटून आधी विचारा. वही, पेन्सिल आणि फोन पुरे. चारही बाजूंचे समोरून फोटो, एक फोटो खालून तळाच्या तुळयांचा. प्लेटा मोजून लिहा. चारी पाइप कुठून निघतात त्याचं कच्चं चित्र काढा. खांबाशेजारी ओळखीच्या उंचीचा माणूस उभा करा, म्हणजे खांबांचं मापही निघेल. रंगवलेली अक्षरं जशीच्या तशी उतरवा, अर्धवट पुसलेली असली तरी. आणि हे पुढच्या सुट्टीवर ढकलू नका, याच रविवारी जा. मॉडेल पाच वर्षांनी केलंत तरी चालेल, टाकी तोवर थांबेल असं नाही.