सुभेदार रामजींचे ऋण

महापुरुष सर्वांच्या लक्षात राहतो. त्याच्या शिक्षणापायी झिजलेला बाप मात्र विस्मरणात जातो. सुभेदार रामजी सकपाळांच्या बाबतीत तसे होता कामा नये. पत्नी भीमाबाई अकाली गेल्या. तुटपुंज्या पेन्शनवर सुभेदारांनी संसार ओढला. परळच्या चाळीतील एका खोलीत ते भीमरावांना पहाटे दोनला अभ्यासाला उठवीत. पुस्तकाला पैसे नसले की लेकीचा दागिना गहाण टाकीत. पेन्शन येताच सोडवून देत. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले, तेव्हा नातू यशवंत दोन महिन्यांचाही नव्हता. 1923 चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. बंधूंनो, शिष्यवृत्ती अडली की आजही बापच कर्ज काढतो. सुभेदारांचे ऋण फोटोला हार घालून फिटणार नाही. वस्तीतील एका मुलाची फी भरा!