भेगेत गेला तर दोन

भातकुलीच्या भोवतालची जमीन खारपाणपट्ट्यातली. काळी, खोल, पावसात पायाला धरून ठेवणारी आणि फेब्रुवारीनंतर फाटत जाणारी. हरभरा निघाला की शेत मोकळं होतं आणि त्याच शेतात टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. मधली पट्टी पाणी मारून, धुम्मस करून घट्ट केलेली असते. बाकी मैदानाला मनगट जाईल एवढ्या भेगा. जोरात मारलेला चेंडू सरपटत जातो आणि अचानक दिसेनासा होतो. क्षेत्ररक्षक गुडघ्यावर बसून भेगेत हात घालतो, तोवर फलंदाज धावतच असतात. यावरून भांडणं व्हायची, म्हणून आमच्याकडे नियम ठरला: भेगेत गेला तर दोन. उभ्या पऱ्हाटीत गेला तरी दोन. धुऱ्यापर्यंत सरपटत गेला तर चार, धुऱ्यावरून उडून गेला तर सहा.

मी तिथं बरीच वर्षं धावांची वही लिहिली. "काका, भेगेत गेला, दोनच लिहिजो!" अशी हाक आली की मी दोन लिहायचो आणि त्या दोनाभोवती गोल करायचो, कारण ते दोन फलंदाजाने पळून काढलेले नव्हते, जमिनीने दिलेले होते. मैदान धावा देतं आणि घेतंही, हे मला त्या गोलांनी शिकवलं. पुढे मोठ्या क्रिकेटचे आकडे वाचतानाही तीच नजर राहिली.

असाच नियम अमेरिकेत, शिकागोच्या रिग्ली फील्डवर आहे हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला. तिथल्या बेसबॉल मैदानाच्या विटांच्या भिंतीवर 1937 साली वेल चढवली. मारलेला चेंडू त्या वेलीत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन तळ मिळतात. बेसबॉलमध्ये फटक्याचं मोल तळांवरून ठरतं. एका फटक्यावर दुसरा तळ गाठला तर दुहेरी, तिसरा गाठला तर तिहेरी आणि चारही पुरे केले तर होमरन. तिथं बाहेरच्या भिंतीचं अंतर मैदानागणिक वेगळं असतं, त्यामुळे तिथले विक्रम म्हणजे अर्धे माणसाचे आणि अर्धे भिंतीचे. पिट्सबर्गच्या ओवेन विल्सनने 1912 साली एका हंगामात 36 तिहेरी मारल्या. शंभराहून अधिक वर्षं झाली, तिथवर कोणी पोचलेलं नाही. आणि खुद्द विल्सन? इतर कुठल्याही हंगामात तो 14 च्या पुढे गेला नाही. बोस्टनच्या अर्ल वेबने 1931 साली 67 दुहेरी मारल्या, तो विक्रमही अजून उभा आहे, आणि वेबलाही त्याच्या जवळपास पुन्हा जाता आलं नाही. विल्सनचं फोर्ब्ज फील्ड अफाट मोठं होतं. चेंडू दोघांच्या मधून गेला की लांबवर लोळत राहायचा. एका हंगामाचा आकडा पाहून माणूस मोजू नये, हे या दोघांनी जितकं स्पष्ट दाखवलं तितकं क्वचितच कोणी दाखवलं असेल.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या मते मराठी मुलखातला सगळ्यात विलक्षण धावफलक भाऊसाहेब निंबाळकरांचा आहे. डिसेंबर 1948, पुणे क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी सामना. निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा तेव्हाचा 452 चा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या. काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला, संघ निघून गेला, आणि निंबाळकर होते तिथेच राहिले. ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या आतला आकडा मात्र कोणी फारसा सांगत नाही. त्या डावात 49 चौकार आणि एक षटकार होता, म्हणजे सीमेपार 202 धावा. उरलेल्या 241 धावा धावून काढलेल्या. एका माणसाने एका डावात आपल्या वाट्याच्या 241 धावा पळून काढल्या, आणि जोडीदाराच्या धावांसाठी पळाला ते वेगळंच! मला ते 443 पेक्षा हे 241 मोठे वाटतात. या माणसाला कसोटी संघात एकदाही घेतलं नाही, याचं वाईट वाटणं अजून संपलेलं नाही.

हा 241 चा आकडा पुढे दोनदा भेटतो. जानेवारी 2004 मध्ये सिडनीला सचिन तेंडुलकर नाबाद 241, 33 चौकार आणि एकही षटकार नाही. कव्हर ड्राइव्हवर त्या मालिकेत बाद होत होता म्हणून त्याने तो फटका जवळजवळ मिटवूनच टाकला होता. आणि 14 जुलै 2019, लॉर्ड्स, विश्वचषकाचा अंतिम सामना: न्यूझीलंड 241, इंग्लंड 241. असे जुळणारे आकडे पाहून हरखून जावंसं वाटतं, पण त्यात अर्थ शोधू नये. इतके सामने, इतके डाव, कुठलातरी आकडा जुळणारच.

त्या अंतिम सामन्यात मात्र आपल्या विषयाचं सारं सार आहे. शेवटच्या षटकात इंग्लंडचा स्टोक्स आणि त्याचा जोडीदार दुसऱ्या धावेसाठी पळत होते. क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला. सहा धावा मिळाल्या, षटकार न मारता. सामना बरोबरीत, सुपर ओव्हरही 15-15 अशी बरोबरीत. मग विश्वविजेता कोण ते चौकार-षटकारांच्या संख्येवरून ठरलं. इंग्लंडचे 26, न्यूझीलंडचे 17. याचा सरळ अर्थ असा की तेवढ्याच धावांसाठी ज्यांनी जास्त पळापळ केली, ते हरले. धाव ही धाव असते. सीमेपार गेलेली मोठी आणि पायांनी काढलेली लहान, असं कुठल्या न्यायाने? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम काढून टाकला, ते योग्यच केलं, पण चषक काही परत आला नाही.

विदर्भाकडे वळलं की गोष्ट आणखी रंगते. सी. के. नायडू नागपूरचे. 1926 साली मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध त्यांनी 153 धावा केल्या, त्यात 11 षटकार होते. त्या काळाच्या मानाने 11 षटकार म्हणजे काय, हे कळायला ब्रॅडमनकडे पाहावं: 52 कसोटी, 6996 धावा आणि उभ्या कारकिर्दीत 6 षटकार. त्याआधी 1910 पर्यंत तर इंग्लंडमध्ये सहा मिळायला चेंडू मैदानाच्याच बाहेर जावा लागे, नुसता दोरीपलीकडे पडला तर चारच. बेसबॉलमध्ये 1930 च्या आसपासपर्यंत याच्या उलट होतं. टप्पा पडून प्रेक्षकांत गेलेला चेंडूही होमरन धरला जाई, नंतर त्याला दोनच तळ मिळू लागले. नियम बदलला की फटका तोच राहतो आणि वहीतला आकडा बदलतो.

गावसकरांचे 125 कसोटींत 26 षटकार. 1975 च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर 174 चेंडूंत नाबाद 36, एक चौकार. हे सांगून त्यांना अजून चिडवलं जातं. पण 31 ऑक्टोबर 1987 ला नागपूरच्या जुन्या व्हीसीए मैदानावर, अंगात ताप असताना, त्याच गावसकरांनी न्यूझीलंडविरुद्ध 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या. 10 चौकार, 3 षटकार, गोलंदाज चॅटफिल्डला लागोपाठ सहा, सहा, चार, चार. भारताने 222 चं लक्ष्य 33 षटकांच्या आत गाठलं. एकदिवसीय सामन्यातलं त्यांचं हे एकमेव शतक, आणि तेही कारकिर्दीतल्या शेवटून दुसऱ्या सामन्यात! सरासरी माणसाबद्दल बरंच सांगते, सगळं सांगत नाही.

खापरखेड्याचा उमेश यादव तर वेगवान गोलंदाज. ऑक्टोबर 2019 मध्ये रांची कसोटीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 10 चेंडूंत 31: पाच षटकार आणि एक धाव पळून. एकही चौकार नाही. मार्च 2023 मध्ये इंदूरला त्याचे कसोटीतले षटकार 24 झाले, तेव्हा विराट कोहलीचेही 24 च होते. न्यूझीलंडचा टिम साउदी जेमतेम सव्वादोन हजार धावांत 98 षटकार मारून निवृत्त झाला. सचिनचे 200 कसोटींत 69. यावरून साउदी मोठा फलंदाज ठरत नाही. शेवटी येणाऱ्याला बाद होण्याची धास्ती नसते, वरच्या फळीतल्याला असते, एवढाच त्याचा अर्थ.

एकाच माणसाचे दोन डाव शेजारी ठेवले तर मैदानाचा हात दिसतो. रोहित शर्मा, जन्म नागपूरचा. 2013 ला बंगळुरूच्या लहान मैदानावर 209 धावांत 12 चौकार आणि 16 षटकार. पुढल्याच वर्षी ईडन गार्डन्सवर 264 धावांत 33 चौकार आणि 9 षटकार. नोव्हेंबर 2022 मध्ये ऋतुराज गायकवाडने अहमदाबादला एका षटकात सात षटकार मारले, त्यात एक नोबॉल, षटकाच्या एकूण 43 धावा. त्याच्या नाबाद 220 मध्ये 10 चौकार आणि 16 षटकार होते. 1985 साली वानखेडेवर एका षटकात सहा षटकार मारताना रवी शास्त्रींच्या नाबाद 200 मध्ये दोन्ही तेरा-तेरा होते.

आणि किरण नवगिरे. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची. ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरात पंजाबविरुद्ध तिने 34 चेंडूंत शतक केलं. महिलांच्या टी-ट्वेंटीत इतकं वेगवान शतक त्याआधी झालं नव्हतं. नाबाद 106, त्यात 14 चौकार आणि 7 षटकार. पळून काढलेल्या धावा फक्त 8. निंबाळकरांच्या 241 शेजारी हे 8 ठेवून बघा. मी कोणालाही कमी लेखत नाही. मनगटाची ती ताकद थक्क करणारी आहे. पण दोन पिढ्यांत क्रिकेट कुठून कुठे आलं ते या दोन आकड्यांत दिसतं.

मधल्यामध्ये हरवली ती तीन धावांची पळापळ. बेसबॉलमध्येही तिहेरीच आटली आहे. सॅम क्रॉफर्ड 1917 साली थांबला तेव्हा त्याच्या 309 तिहेरी होत्या, आज तो आकडा गाठण्याचा विचारही कोणी करत नाही. कारण दोन्हीकडे सारखंच आहे. मैदानं आटोपशीर झाली, दोरी आत आली. पुरुषांच्या सामन्यांसाठी आयसीसीच्या नियमात सीमा 65 ते 90 यार्डांत कुठेही चालते. हा 25 यार्डांचा फरक धावफलकावर कुठेच छापत नाहीत. 2016 साली कल्याणला प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद 1009 केल्या. 129 चौकार, 59 षटकार, म्हणजे 870 धावा सीमेपार. तिथं एका बाजूची सीमा फारच जवळ होती. त्या पोराने दोन दिवस उभं राहून केलेल्या कष्टाचं मोल याने उणं होत नाही. पण अंतर वहीत असतं, तर पुढचे वाद झाले नसते.

आमच्याकडेही हे भांडण दरवर्षी होतं. "तिकळची बाजू त जवळ हाये, तिकून सहा कायले?" असं कोणीतरी म्हणतोच, आणि तो बरोबर असतो.

म्हणून भातकुलीच्या आणि वऱ्हाडातल्या सगळ्या गावच्या मंडळांना माझं सांगणं आहे. येत्या हंगामात नाणेफेकीआधी चारही बाजूंची सीमा पावलांनी मोजा, टेप मिळाला तर उत्तमच, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तीन धावा पळून निघाल्या तर त्या आकड्याखाली रेघ मारा. भेगेतल्या दोनाला गोल करा. आणि सामने संपले की वही रद्दीत देऊ नका.